आधी आणि अध्यात्म : विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

समर्थ रामदासांच्या दासबोधातील तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे निरूपण आहे, आणि त्यांपैकी ‘आध्यात्मिक ताप’ या नावाखाली जे सांगितले आहे ते वाचून आजचा वाचक काहीसा गोंधळतो, कारण तेथे साधना, साक्षात्कार किंवा मोक्ष यांचा विषय नसून देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगे माणसाला जे भोगावे लागते त्याची, त्वचारोगांपासून पोटशुळापर्यंत, लांबलचक यादी आहे. इतर भूतमात्रांकडून होणारी पीडा ती आधिभौतिक, मरणोत्तर यमयातना त्या आधिदैविक, आणि ज्या दुःखाचे मूळ माणसाच्या स्वतःच्याच ठायी असते ते आध्यात्मिक, अशी ती विभागणी आहे. सांख्यांच्या परंपरेत याच आध्यात्मिक दुःखाचे पुन्हा शारीर आणि मानस असे दोन भेद केले जातात. संस्कृत कोशकारांनी मनाच्या व्यथेसाठी ‘आधि’ असा स्वतंत्र शब्द नोंदवला आहे, आणि मराठीत ‘आधिव्याधी’ या जोडशब्दात तो आजही वावरतो, जरी बोलणाऱ्याला त्याचा पूर्वार्ध बहुधा केवळ नादासाठी आल्यासारखा वाटत असला तरी. म्हणजे ज्या भाषेत आज ‘अध्यात्म’ हा दुःखावरचा उपाय समजला जातो, त्याच भाषेत एके काळी हा शब्द दुःखाचे ठिकाण सांगत होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि त्यांची आध्यात्मिकता यांचा विचार करताना हा जुना अर्थ हाताशी ठेवणे उपयोगाचे आहे, कारण या विषयावरील बरेचसे लेखन उपाय आधी ठरवते आणि दुखणे मागाहून शोधते.

महाविद्यालयीन वय हे दोन कारणांनी या अभ्यासाचे स्वाभाविक क्षेत्र ठरते. रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीनुसार, ज्यांना आयुष्यात कधीतरी मनोविकार होतो त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांशांत चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. दुसरीकडे, श्रद्धेच्या विकासाचे टप्पे मांडणाऱ्या जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये असे प्रतिपादन केले की घरातून वारशाने आलेली श्रद्धा तपासून ती स्वतःची करणे किंवा टाकून देणे हा टप्पा साधारणपणे तारुण्याच्या आरंभी येतो. दुखणे उद्भवण्याचा काळ आणि देवघर मागे सोडून वसतिगृहात राहायला येण्याचा काळ असे एकमेकांवर येऊन पडतात. त्यामुळे एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला की दोन्ही निव्वळ वयाबरोबर आली, हे ठरवणे वाटते तितके सोपे राहत नाही.

प्रश्नाच्या गांभीर्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या, आणि राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून आलेले असतात, त्यांत शाळकरी मुलेही धरलेली असतात, आणि घरच्यांनी ‘अपघात’ म्हणून नोंदवलेला मृत्यू त्यांत येत नाही, एवढे ध्यानात ठेवून ते वाचावेत.

मानसशास्त्राने धर्माकडे पाहण्याच्या दोन वाटा विसाव्या शतकाच्या आरंभीच आखून ठेवल्या. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये धार्मिक अनुभवाच्या विविधतेवरील आपल्या व्याख्यानांत त्या अनुभवाची पारख त्याच्या उगमावरून न करता त्याच्या फलितावरून करावी असा आग्रह धरला. फ्रॉइड यांनी मात्र १९०७ च्या एका निबंधात धार्मिक कर्मकांड आणि मनोरुग्णाच्या सक्तीच्या कृती यांतील साम्य दाखवून धर्माला जणू समाजव्यापी मनोविकाराच्या पंक्तीत बसवले. पुढील बहुतेक वाद या दोन वाटांच्या मधोमध झाले आहेत. त्यांतून बाहेर पडण्याचा एक उपयुक्त मार्ग गॉर्डन ऑलपोर्ट यांनी सुचवला, तो म्हणजे धर्माचा वापर करणारी वृत्ती आणि धर्म जगणारी वृत्ती यांत भेद करण्याचा. पहिलीला बाह्यप्रेरित आणि दुसरीला अंतःप्रेरित धार्मिकता म्हणतात. प्रतिष्ठा, ओळखीपाळखी किंवा दिलासा मिळावा म्हणून पाळलेला धर्म आणि ज्याच्या आधारे माणूस आपले इतर व्यवहार जोखतो तो धर्म, या दोहोंचा मनावर होणारा परिणाम सारखा नसतो, आणि त्यामुळे ‘धार्मिक विद्यार्थी अधिक सुखी असतात काय’ हा प्रश्नच अपुरा ठरतो.

विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर ॲस्टिन, हेलन ॲस्टिन आणि जेनिफर लिंडहोम यांनी केले. २००४ मध्ये त्यांनी २३६ महाविद्यालयांतील १,१२,२३२ नवागतांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि २००७ मध्ये १३६ महाविद्यालयांतील १४,५२७ जणांना पुन्हा गाठले. तीन वर्षांत प्रार्थनास्थळी जाण्याचे प्रमाण घटलेले आढळले, पण जीवनाचा अर्थ शोधण्याची ओढ वाढलेली दिसली. याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याला त्यांनी ‘आध्यात्मिक संघर्ष’ म्हटले, म्हणजे वाढत्या वयात श्रद्धेविषयी पडणारे पेच, दुःख आणि मृत्यू यांचा अर्थ न लागणे, घरच्या धर्माशी बिनसणे, त्याचा मानसिक त्रासाशी स्पष्ट सहसंबंध आढळला. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकत्र कमीजास्त होणे. एकीने दुसरी घडवली असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण खचलेल्या मनालाही असे प्रश्न अधिक पडतात.

केनेथ पारगमेंट यांनी हाच धागा अधिक बारकाईने विणला. संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो याला त्यांनी ‘धार्मिक सामना’ म्हटले आणि त्याचे सकारात्मक व नकारात्मक असे दोन प्रकार केले. देव पाठीशी आहे असे वाटणे, त्याच्या साहाय्याने मार्ग काढणे, राग सोडून देणे हा पहिला प्रकार. देवाने टाकले, भक्तीत उणे पडले म्हणून शिक्षा केली, त्याचे प्रेम खरे होते की नाही अशा शंकांनी घेरणे हा दुसरा. नकारात्मक सामन्याची सांगड नैराश्य आणि चिंता यांच्याशी पुनःपुन्हा आढळली आहे. नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे: त्याच्याजवळ श्रद्धा आहे किंवा नाही यापेक्षा ती श्रद्धा त्याच्या अपयशाचे काय करते, त्याला श्वास घ्यायला जागा देते की त्याच्या माथी आणखी एक दोष मारते, हे पाहणे अधिक निर्णायक असते. प्रस्तुत विवेचनाचा कणा हाच आहे.

मात्र ही विभागणी उचलून मराठी विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापूर्वी थांबले पाहिजे, आणि या ठिकाणी थोडे रेंगाळणेही भाग आहे. वारकरी परंपरेत देवाशी भांडणे हे भक्ती आटल्याचे लक्षण मानले जात नाही, उलट ते जवळिकीचे लक्षण मानतात. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठोबाला दिलेल्या बोलांची, त्याच्यावर धरलेल्या रुसव्याची, त्याला केलेल्या निष्ठुरपणाच्या आरोपांची परंपरा इतकी मोठी आहे की अभ्यासकांनी तिला प्रेमकलहाचे वेगळे दालन दिले आहे. जिला ‘माऊली’ म्हणायचे तिच्यावर चिडण्याचा हक्क लेकराला असतोच. पारगमेंटांची प्रश्नावली अशा घरात वाढलेल्या मुलीने प्रामाणिकपणे भरली तर देवाचा राग आल्याचे विधान ती बिनदिक्कत मान्य करील आणि नकारात्मक सामन्याच्या रकान्यात तिचे गुण वाढतील. प्रत्यक्षात कदाचित त्या रागावरच ती तगून असेल. उलट, ‘देवाची इच्छा’ म्हणून सगळे निमूटपणे सोसणारी तिची मैत्रीण प्रश्नावलीत निरोगी ठरेल.

या संदर्भात गुरुदेव रा. द. रानडे यांचे काम आठवते. फर्ग्युसन आणि विलिंग्डन महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवलेल्या रानड्यांनी १९३३ च्या आपल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या आयुष्यातील एका दीर्घ, काळवंडलेल्या कालखंडाचे वर्णन करण्यासाठी ख्रिस्ती संतांची ‘आत्म्याची काळोखी रात्र’ ही संकल्पना योजली. दुष्काळात घरची माणसे गेलेली, व्यापार बुडालेला, लोकांत मान गेलेला, आणि देव उत्तर देत नाही अशी खात्री पटत चाललेली, ही अवस्था आजच्या निदानग्रंथात कोठे बसेल हे सांगणे कठीण नाही. रानड्यांनी तिला वाटेवरचा मुक्काम मानले. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकतात, पण वसतिगृहाच्या खोलीत चार दिवस न जेवता पडून राहिलेल्या मुलाला कोणी दुसरे वाचन ऐकवू लागला तर ते क्रौर्य ठरेल. संतचरित्राचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. या मुलाचा नसतो.

मापनाचा दुसरा पेच याहून कोरडा, तरी तितकाच गंभीर आहे. ड्यूक विद्यापीठातील हॅरल्ड कोनिग हे धर्म आणि आरोग्य यांच्या नात्याचे अग्रणी अभ्यासक, आणि त्या नात्याविषयी ते अनुकूल मत बाळगणारे. तरीही त्यांनीच २००८ मध्ये आक्षेप घेतला की आध्यात्मिकता मोजणाऱ्या अनेक प्रश्नावलींत मनःशांती, समाधान, आशा अशा गोष्टी विचारलेल्या असतात, ज्या मुळात चांगल्या मानसिक आरोग्याच्याच खुणा आहेत. मग आध्यात्मिकता वाढली की नैराश्य घटते हा निष्कर्ष हाती येणारच. पाणी मोजून ओलावा सिद्ध करण्यासारखेच ते आहे. १९८२ पासून विद्यार्थ्यांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एलिसन आणि पालुत्झियन यांच्या वीस विधानांच्या आध्यात्मिक स्वास्थ्य श्रेणीत निम्मी विधाने देवाचे नावही न घेता आयुष्याच्या दिशेबद्दल आणि समाधानाबद्दल बोलतात, आणि त्यांत भवितव्याविषयी अस्वस्थ वाटते काय अशा आशयाचेही एक विधान आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातील कोणत्या विद्यार्थ्याला ते वाटत नसेल? त्याची आध्यात्मिकता तेवढ्याने कमी भरते. ज्या लघुशोधप्रबंधांत शेदोनशे विद्यार्थ्यांकडून ही श्रेणी आणि एखादी नैराश्यमापक चाचणी एकाच बैठकीत भरून घेतली जाते, त्यांच्या निष्कर्षांकडे वाचकाने या आक्षेपाच्या उजेडात पाहावे.

प्रश्नावलीतून निसटणारी आणखी एक बाब म्हणजे संगत. पाश्चात्त्य व्याख्यांत आध्यात्मिकता ही बहुधा एकट्या व्यक्तीच्या अंतरंगातील वस्तू असते, तर मराठी मुलखात ती दिंडी, भजनी मंडळ, पारायण, काकडआरती, जमातीची नमाज, चर्चमधील गायनवृंद, विहारातील वंदना अशा सामूहिक रूपांत आधी भेटते आणि अंतरंगात मागाहून उतरते, उतरलीच तर. एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरील ग्रंथात असे दाखवण्याचा प्रयत्न केला की धर्म माणसाला आत्महत्येपासून वाचवतो तो त्याच्या सिद्धान्तांमुळे नव्हे, तर माणसांना एकमेकांशी बांधून ठेवण्याच्या त्याच्या सामर्थ्यामुळे. त्यांच्या आकडेवारीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण हा मुद्दा शिल्लक राहिला. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर चालणाऱ्या दिंडीत प्रत्येकाला जागा असते, हाक मारायला ‘माऊली’ हे एकच नाव पुरते, आणि कोण कोणत्या वर्गात उत्तीर्ण झाला हे कोणी विचारत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी स्वच्छतेच्या कामासाठी वारीत उतरतात, तेव्हा त्यांतील अश्रद्ध मुलांनाही त्या चालण्याने बरे वाटत असेल तर त्याचे श्रेय श्रद्धेला द्यावे, पायांना द्यावे की सोबतीला, हे वेगळे काढता येणे अवघड आहे. आणि ते वेगळे काढण्याचा हट्ट हा संशोधकाचा असतो, चालणाऱ्याचा नव्हे.

याच्या अगदी उलट टोकाला मोबाइलवरील ध्यानाची ॲप्स आणि महाविद्यालयाच्या सभागृहात भरणारी एकदिवसीय ‘ताणमुक्ती’ शिबिरे येतात. ध्यानाचा वैद्यकीय वापर रूढ केला तो जॉन कबाट-झिन यांनी. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत त्यांनी बौद्ध ध्यानातील सजगतेचे तंत्र धार्मिक चौकटीतून सोडवून आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बसवले. सजगता म्हणजे चालू क्षणातील अनुभवाकडे निवाडा न करता लक्ष देणे. केंब्रिज विद्यापीठातील ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्यांना नेहमीच्या समुपदेशन सोयींच्या जोडीला असे प्रशिक्षण देण्यात आले, आणि परीक्षेच्या काळात त्यांचा मानसिक त्रास उरलेल्या निम्म्यांपेक्षा कमी आढळला. हा पुरावा भक्कम आहे, पण तो आठ आठवड्यांच्या शिक्षकाधारित अभ्यासक्रमाचा आहे, एका दुपारच्या शिबिराचा नाही. शिवाय ध्यान सर्वांना सारखे मानवत नाही. विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींतून ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले, ज्यांत भीती, निद्रानाश आणि स्वतःपासून तुटल्याची भावना हेही होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालत आलेल्या स. ना. गोएंकांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांतही तीव्र मनोविकार असलेल्यांनी येऊ नये अशी सूचना असते, हे ध्यानाला सार्वत्रिक औषध मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

श्रद्धा दुखण्याचे रूप घेते तेव्हा काय होते, याची साक्ष मराठीतील एक शब्दच देतो. मनाविरुद्ध पुन्हापुन्हा येणारे विचार आणि ते शमवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या कृती, उदाहरणार्थ हात धूत राहणे किंवा कुलूप तपासत राहणे, या विकाराला मराठीत ‘मंत्रचळ’ म्हणतात. मंत्राचे आणि चळण्याचे नाते या शब्दात गोठलेले आहे. काही विद्यार्थ्यांत या विकाराचा आशय धार्मिकच असतो: स्तोत्र म्हणताना एक अक्षर चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून, देवापुढे अभद्र विचार आला म्हणून प्रायश्चित्त, विटाळ झाला असेल या शंकेने पुन्हा आंघोळ. घरच्यांना हे बराच काळ भाविकपणा वाटते आणि उपचार लांबतो. उलट बाजूने, ज्याला आवाज ऐकू येतात त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषाकडे नेण्याची रीतही संपलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हे गुन्हे ठरवले, ते याच अनुभवातून.

तथापि ‘अंधश्रद्धा’ या शब्दाने विषय मिटत नाही. मानवशास्त्रज्ञ व्हिडा स्कल्टन्स यांनी फलटण येथील एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये लिहिले, त्यात ठळकपणे दिसते ते असे की रुग्णाबरोबर आलेल्या आया आणि बायका स्वतःच अंगात आल्यासारख्या अवस्थेत जातात आणि घरावरचे दुखणे जणू आपल्यावर घेतात. यात बाईवर पडणारा भार उघड आहे, आणि दुखणे एकट्याचे नसून घराचे आहे ही समजही उघड आहे. समुपदेशनाच्या बंद खोलीत बसलेला विद्यार्थी ‘घरी कळवू नका’ म्हणतो तेव्हा या दुसऱ्या समजेचे मोल आणि तिची दहशत दोन्ही ध्यानात येतात.

मराठीत मानसोपचार आणि संतविचार यांची आणखी एक गाठ पडली आहे, आणि तीही शब्दावरून. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती, जिच्यात ‘असे झालेच पाहिजे’ या हट्टी मागणीतून भावनिक क्लेश निर्माण होतात असे मानले जाते, ती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, आणि मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण मिळाले. स्वतःला उघडपणे निरीश्वरवादी म्हणवणारे एलिस मराठीत आले ते रामदासांचा आवडता शब्द अंगावर घेऊन. या भाषांतराने अनेकांना ही पद्धत आपलीशी वाटली असणार. त्याच वेळी ‘विवेक’ या शब्दाला चिकटलेला उपदेशाचा सूरही तिच्यात आला नसेल असे नाही.

ज्या प्रश्नावर या क्षेत्रातील लेखन सर्वांत कमी बोलते तो विषमतेचा आहे. वसतिगृहात आडनावावरून टोमणे ऐकणाऱ्या, शिष्यवृत्ती रखडल्यामुळे खानावळीची उधारी वाढलेल्या विद्यार्थ्याला मन शांत ठेवण्याचे धडे देणे म्हणजे त्याच्या दुःखाचा पत्ता बदलणे होय. रामदासांच्या वर्गवारीतच सांगायचे तर आधिभौतिक तापावर आध्यात्मिक तापाचा शिक्का मारणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात दुःखाची सांगड माणसांनी माणसांशी केलेल्या अन्यायाशी घातली. आजचे दारिद्र्य आणि हीनता यांचे उत्तर मागील जन्मीच्या कर्मात शोधणे त्यांनी नाकारले. त्यामुळे महाराष्ट्रातील बौद्ध विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या वर्गासाठी आध्यात्मिक जीवनाचा गाभा अंतःशांती नसून स्वाभिमान आहे, आणि हा गाभा मोजील असे विधान प्रचलित श्रेणींत शोधून सापडत नाही. ‘तुझ्या नशिबी हे होते’ हे वाक्य एका मुलाला हलके करते आणि दुसऱ्याला जिवंतपणी गाडते, ही गोष्ट सरासरी काढताना दिसेनाशी होते. साडेसातीचेही तसेच: ती निदान साडेसात वर्षांनी संपते, म्हणून तिच्यात दिलासा असतो, कर्मसिद्धान्ताला अशी मुदत नसते.

संस्थांची जबाबदारी आता कायद्याच्या भाषेतही लिहिली गेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असला पाहिजे. व्याख्यानमाला आणि योगदिन साजरे करून ही जागा भरली जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

तो समुपदेशक विद्यार्थ्याच्या श्रद्धेचे काय करील, हा प्रश्न मात्र कोणत्याही सूचनेने सुटलेला नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाने १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ हा वर्ग प्रथम समाविष्ट केला, आणि तो मनोविकारांच्या यादीत न घालता लक्ष देण्याजोग्या इतर बाबींत ठेवला. श्रद्धेचा पेच हा आजार नव्हे, पण तो दुर्लक्षण्याजोगाही नव्हे, एवढे त्यातून मान्य झाले. भारतातील समुपदेशकापुढे अडचण निराळी आहे. धर्माचे नाव प्रवेश अर्जावरच लिहिलेले असते, त्यामुळे ते विचारण्याची गरज पडत नाही, आणि त्या नावापलीकडचे विचारणे आगाऊपणाचे वाटते. ‘देव मानतोस का’ या प्रश्नाला विद्यार्थी समोरच्याच्या गळ्यातील माळ किंवा टेबलावरची तसबीर पाहून उत्तर देतो. निकाल लागला त्या रात्री काय केलेस, कोणाला फोन केलास, काही म्हटलेस का, कोणावर चिडलास, या प्रश्नांना तो निराळे उत्तर देतो, आणि त्या उत्तरात कधी हनुमानचालीसा असते, कधी आजीचा आवाज, तर कधी छतावरच्या टाकीजवळ एकट्याने काढलेले दोन तास.